मोह्याखालची माझी बाजू

मी, सत्यशीला सोमाजी निकुरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, पूर्वी अंगणवाडी सेविका, राहणार मौजा पळसझरी, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, माझ्या ओसरीवर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले. मी दोनपर्यंत खाली आले, मग त्यांनी चहा मागवला.

हे मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही, असे लिहावे लागते, म्हणून लिहिते. दबाव खरोखरच नाही. मुलाने मला घराबाहेर काढलेले नाही. सुनेने कधी वाकडा शब्द काढलेला नाही. सगळे माझ्या भल्याचे बोलत आहेत आणि त्यांचे बरोबर आहे, म्हणून तर मला काही करता येत नाही. एक जण जरी वाईट वागला असता तरी मी भांडले असते. मला भांडता चांगले येते, हे गावाला ठाऊक आहे.

कलम १. या मृत्युपत्राचा अंमल, होळीनंतरच्या रविवारी माझ्या मुलाची गाडी दारात लागेल तेव्हापासून व्हावा. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

हे कलम माझे वकील ताबिश शेख यांना पसंत नाही. ताबिश हा आमच्या गावातले किराणा आणि मोहफुलांचे व्यापारी नूरुद्दीनभाऊ यांचा धाकटा मुलगा. माझ्याच अंगणवाडीत खिचडी सांडत तो मोठा झाला आणि आता चंद्रपूरला काळा कोट घालतो. त्याने हे वाचले आणि पेन खाली ठेवला.

"मावशी, मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होते. तोवर तो नुसता कागद."

"मंग मोह्याले जाऊन सांग, बाई मरेपर्यंत पडू नोको म्हनून."

तो हसला. मी हसवायला बोलले नव्हते. मोहफुले आता काही दिवसांत पडायला लागतील. मी कधी मरेन ते सांगता येत नाही. या दोन्हींच्या मधल्या काळासाठी कायद्यात सोय नाही, हे ताबिशने मला पुन्हा पुन्हा समजावले. घर, शेत, गाव सोडून गेलेली बाई कायद्याला जिवंतच दिसते. तरी मी कलम खोडलेले नाही. त्याने समासात "टिकणार नाही" असे लिहिले आहे, तेही राहू द्यावे.

कलम २. मी का जात आहे ते येथे नोंदवते, म्हणजे पुढे कोणी आदेशला नावे ठेवणार नाही. आदेश हा माझा एकुलता मुलगा, नागपूरला बँकेत नोकरीला आहे. दिव्यानी माझी सून, ती शाळेत शिकवते.

गेल्या पौषात जनावराने गोठ्याची ताटी मोडून माझी गाय नेली. आमच्याकडे वाघाला जनावरच म्हणतात, नाव घेत नाहीत. त्यानंतर माघात बोडीवर, म्हणजे धानाच्या बांध्यांना पाणी देणाऱ्या आमच्या लहानशा तळ्यावर, माझा पाय घसरला आणि मी मातीच्या पाळीखालच्या चिखलात पडून राहिले. पुष्कळ ओरडले. आवाज कोणापर्यंत गेला नाही. दुपारी रंभा तिकडून चालली होती, तिने ओढून काढले. रंभा आणि तिचा नवरा वारलू माझे शेत ठेक्याने करतात.

आदेश त्याच संध्याकाळी आला. मला वाटले, रागावेल. त्यासाठी मी उत्तरे तयार ठेवली होती. तो चुलीपाशी पाटावर बसला आणि रडायला लागला.

"काऊन रडून राह्यला रे? जिती आहो ना मी."

"आई, फोन वाजला का मले धडकी भरते. गावचा नंबर दिसला का उचलाची हिंमत होत नाई. किती दिवस असा राहू मी, सांग बरं?"

माझी सगळी उत्तरे वाया गेली. तो ओरडला असता तर मी त्याच्या दुप्पट ओरडले असते. नागपूरला त्याच्या घरी मी पूर्वी राहून पाहिले आहे. ते दोघे सकाळी कामाला जातात आणि मी तिसऱ्या मजल्यावर दार लावून बसते. त्या वेळी मीच नको म्हणून परत आले होते. त्यामुळे आता नको म्हणायला माझ्यापाशी दुसरे काही उरले नव्हते. त्याने म्हाताऱ्यांच्या एका वसाहतीचे नाव काढले आणि मी हो म्हटले. हो म्हटल्यावर त्याने माझे पाय धरले आणि मला इतके वाईट वाटले की त्याला जेवायला वाढायचेसुद्धा मी विसरले.

कलम ३. माझा यापुढील पत्ता : सांजविसावा ज्येष्ठ नागरिक ग्राम, नागपूरजवळ. हे ठिकाण मी पाहून आले आहे आणि त्याची निंदा करत नाही. खोली हवेशीर आहे. न्हाणीघरात धरायला दांड्या आहेत. पलंगाशेजारी लाल दोरी आहे, ती ओढली की मुलगी धावत येते. तिथल्या मुलीने मला सगळे प्रेमाने दाखवले.

"आजी, इथे तुम्हाला काहीच करायचं नाही," ती म्हणाली.

"अन् भांडन झालं तं?"

"इथे भांडणं होतच नाहीत, आजी."

त्याला त्यांनी ग्राम का म्हटले आहे, हे मी दिव्यानीला परतताना विचारले. तिला हसू आले, मग तिने माझा हात हातात घेतला. बागेत चांगली मोठी झाडे आहेत आणि प्रत्येक झाडाखाली "फुले तोडू नयेत" अशी पाटी आहे. पडलेली वेचलेली चालतात का, असे मी माळ्याला विचारले. तो म्हणाला, पडलेली आम्ही सकाळीच झाडून टाकतो.

कलम ४. माझे राहते घर, गोठा आणि मागची सांदवाडी, म्हणजे परसबाग, आदेशला देते. हे घर आदेशचे वडील आणि मी मिळून बांधले. विटा त्यांनी थापल्या, पाणी मी वाहिले, छपरावरचे कवेलू उतरवून टिना टाकल्या तेव्हा दोघेही वर चढलो होतो. आदेशला विनंती की घर नुसते कुलूप लावून ठेवू नये. बंद घराला वाळवी लागते. सणावाराला यावे, दारे उघडावीत, चूल एकदा तरी पेटवावी. तो येतो म्हणाला आहे. पहिली दोन वर्षे येईलही. त्यापुढचे मी मनावर घेणार नाही.

कलम ५. माझे धानाचे शेत आणि बोडी आदेशला देते. ते वारलू आणि रंभा यांच्याकडेच ठेवावे आणि विकायचे झाले तर आधी त्यांना विचारावे. ताबिश म्हणतो, एकदा दिले की ते आदेशचे, त्याने काय करावे हे मला बांधून देता येणार नाही, फार तर इच्छा म्हणून लिहा. तेव्हा ही इच्छा आहे असे वाचावे. जंगलाच्या कडेची जमीन पाहायला हल्ली बाहेरची माणसे गाड्या घेऊन येतात, हे मला दिसते. मी काय करणार?

कलम ६. किरकोळ चीजवस्तू. बँकेतली ठेव सांजविसाव्याच्या खोलीत गेली, त्यामुळे ते कलम लिहिण्याचे कष्ट वाचले. सोन्याची पोत दिव्यानीला. ती घालणार नाही, पण मोडणारही नाही. धानाची कोठी, विळे, कुऱ्हाड, सुपे आणि पाण्याचा पितळी गुंड रंभेला. कोंबड्याही तिलाच, त्या तशाही तिच्याच घरी अंडी घालतात. आमचे माजी सरपंच, ज्यांचे नाव लिहिण्याची गरज नाही, त्यांना मी अंगणवाडीतली निळी बादली देते. छत दुरुस्त करतो, करतो म्हणत त्यांनी सगळी कारकीर्द काढली आणि त्या बादलीत पावसाचे पाणी धरत मी लेकरांना गाणी शिकवली. बादलीला आता भोक पडले आहे.

नूरुद्दीनभाऊंना काही देत नाही. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि ज्याला काही मिळणार त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये, पुढे वाद निघतात, असे त्यांच्याच मुलाने सांगितले आहे. शिवाय त्यांच्या तराजूने इतकी वर्षे माझ्या टोपलीतून जे काढून घेतले, तेवढे त्यांना पुरे आहे. हे मी त्यांना वाचून दाखवले आणि ते म्हणाले, "लिहा बाई, लिहा, तुमचं वजन बरोबर आहे."

कलम ७. मोहा. हे मृत्युपत्र खरे तर या कलमासाठी आहे.

माझ्या आणि नीलाबाई इतवारी दडमल हिच्या शेतांच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोह्याचे जुने झाड आहे. त्याला लागूनच जंगल. जमिनीची मोजणी झाली तेव्हा हद्दीची रेघ नेमकी बुंध्यातून गेली. त्या दिवशी नीलाबाई चार माणसांत म्हणाली की हा मोहा माझ्या आजेसासऱ्याने लावला. मी म्हटले, मोहा कोणी लावत नसतो, तो जंगलातून आपला आपण येतो, आणि तुझ्या आजेसासऱ्याला तर दारातली तुळस जगवता आली नाही. हे शेवटचे वाक्य बोलायला नको होते, असे आदेशचे वडील घरी आल्यावर म्हणाले. मला अजूनही तसे वाटत नाही. तेव्हापासून नीलाबाई माझ्याशी बोलत नाही आणि मी तिच्याशी बोलत नाही. आदेश तेव्हा कॉलेजात होता, आता त्याचे केस पिकले.

बोललो नाही तरी मोहा वेचावा लागतोच. फाल्गुनात झाडाखालचा पाला झाडून जागा साफ करायची, आणि ज्याने जागा झाडली त्याची तिथली फुले, अशी आमच्याकडची रीत आहे. मी माझी बाजू झाडते, ती तिची झाडते. मधून राखेची रेघ. रेघ नीलाबाई ओढते आणि दर वर्षी ती माझ्या बाजूला सरकवून ओढते, हे मी येथे लेखी नोंदवून ठेवते. फुले पहाटे पडतात. उशीर केला तर रानडुकरे आणि हरणे खाऊन जातात. पण त्याच वेळी जनावरही जंगलाच्या कडेला असते, आणि खाली वाकून बसलेली बाई त्याला बाई दिसत नाही. गेल्या चैत्रात शेजारच्या गावची एक सून अशीच मोह्याखालून गेली. एकटीच आली होती. टोपली अर्धी भरलेली सापडली.

म्हणून नीलाबाई आणि मी असे करत आलो. पहाटे ती तिच्या दारातून कूऽऽ अशी हाक देते. जंगलात एकमेकांचा ठाव लागावा म्हणून आमच्याकडे देतात ती हाक. मी माझ्या दारातून कूऽऽ देते. उत्तर दिले म्हणजे मी निघाले. उत्तर येईपर्यंत कोणी उंबरठा ओलांडत नाही. याला आम्ही बोलणे धरत नाही. झाडाखाली आम्ही पाठीला पाठ करून बसतो, कारण एकमेकींचे तोंड पाहायचे नसते. त्यामुळे तिच्या मागचे मला दिसते आणि माझ्या मागचे तिला. फारच गरज पडली तर जे सांगायचे ते ती मोह्याला सांगते.

एका वर्षी तिने असेच सांगितले. आवाज अगदी हळू होता.

"मोह्या, त्या बाईले सांग, उठ म्हना. टोपली राहू दे म्हना. अन् पयू नोको."

मी उठले. तिच्या समोरच्या, म्हणजे माझ्या पाठीमागच्या पळसाच्या झुडपात ते बसलेले होते. आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून, उलट्या पावलांनी बोडीपर्यंत आलो. पळायचे नसते. बोडीपासून ती तिच्या घरी गेली आणि मी माझ्या. दुसऱ्या दिवशी पहाटे कूऽऽ आली आणि मी उत्तर दिले.

आदेशचे वडील गेले तेही मोह्याच्याच दिवसांत. नीलाबाई तेरवीला आली नाही. मी ते मनात धरले आहे आणि सोडणार नाही. पण दुखवट्याच्या त्या सगळ्या दिवसांत तिने नवऱ्याला, इतवारीला, सोबत नेऊन माझ्या बाजूचाही मोहा वेचला आणि रोज पहाटे टोपली माझ्या दाराबाहेर ठेवून गेली. फुलांत माती होती. मुद्दामच ठेवली असणार.

आता मुद्द्याचे. ताबिश म्हणाला, "मावशी, तुमची बाजू नीलामावशीले देऊन टाका. भांडणही मिटून जाईल." कोणीही हेच म्हणेल. पण तसे केले तर नीलाबाई अख्ख्या मोह्याची मालकीण होते आणि झाडाखाली एकटी होते. तिला मूल नाही. इतवारी आता अंथरुणावर आहे. मोह्यावरच तिचा उन्हाळा निघतो, म्हणजे ती जाणारच. ती दारातून कूऽऽ देईल आणि माझ्या घरातून उत्तर येणार नाही. एखाद-दोन दिवस ती वाट पाहील, मग टोपली उचलून निघेल. मला या घरातून जाण्याचे दुःख आहे, पण या गोष्टीची मला भीती वाटते. आणि तिकडे लाल दोरीशेजारी बसून मी यात काहीही करू शकणार नाही.

सबब, मोह्याखालची माझी बाजू मी रंभा वारलू मडावी हिला देते. त्या बाजूसोबत नीलाबाईशी असलेले माझे भांडणही तिलाच देते. एक घेऊन दुसरे नाकारता येणार नाही.

या वर्षीची माझी बाजू मी कंबर दुखत असतानाही झाडून ठेवली आहे. शेवटचा झाडू रंभेच्या हातून मारून घेतला, म्हणजे रीतीप्रमाणे ती जागा तिची झाली. ताबिशच्या कागदापेक्षा माझा त्या झाडूवर जास्त भरवसा आहे.

कलम ८. रंभेला सूचना. रंभा गुणी आहे, कष्टाळू आहे, पण तिला भांडता येत नाही. हा तिच्यातला मोठा दोष आहे. नीलाबाईने एकदा डोळे वटारले तर ही टोपली उचलून घरी येईल आणि म्हणेल, जाऊ द्या बाई, मोठ्या आहेत त्या. मग नीलाबाई पुन्हा एकटीच.

"नीलाबाई मले बोलली तं मी काय करू, बाई?"

"तूही बोल."

"मले नाई जमत."

"जमव. तिले बोलाचं नसन तं मोह्याले बोल. पन उठून येऊ नोको."

तरी रंभेने पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. राखेची रेघ सरकवली तर पायाने पुसावी. तिच्या बाजूचे फूल चुकूनही उचलू नये. तरीही, उचलले असे ती म्हणणारच. बसताना पाठ तिच्याकडे असावी आणि नजर वर असावी, हात आपोआप वेचतात. "घरी जाय, तुह्यी लेकरं उपाशी असतीन" असे ती म्हणेल, तेव्हा अजिबात जाऊ नये, कारण ती स्वतः उठणार नाही. ताप आला, पाहुणे आले, काहीही झाले, तरी हाकेला उत्तर द्यायचे आणि निघायचे. जायला जमणारच नसेल तर वारलूला पाठवावे. वारलूला तर भांडायची आवडच आहे.

हाक मी तिला सांदवाडीत शिकवते आहे. अजून पोटातून येत नाही. काल दिली तेव्हा फक्त कोंबड्या पळाल्या.

कलम ९. माझ्या अंत्यविधीबाबत काही लिहीत नाही. हे मृत्युपत्र उघडून वाचेपर्यंत माझे सगळे उरकलेले असेल. ते जिथे आणि जसे करतील तसे मला चालेल, कारण त्या वेळी मला कोणी विचारणार नाही. मला इकडे आणता आले तर बरे होईल, एवढे आदेशशी बोलून ठेवले आहे. तो "हो आई" म्हणाला आणि लगेच पाणी प्यायला उठला.

वरील मजकूर माझा मी लिहिला, वाचला आणि तसाच मला मान्य आहे. जे माझे होते ते वाटून झाले. जे माझ्या हातात नव्हते तेही लिहून ठेवले, कारण ते कुठे तरी ठेवायला हवे होते. ताबिशने दाखवले त्या जागी मी सही केली आहे.

साक्षीदारांबाबत, हे सह्या झाल्यावर वरच्या मोकळ्या जागेत लिहिले आहे. ताबिश म्हणतो, हेही टिकणार नाही.

साक्षीदार म्हणून पहिली सही नूरुद्दीनभाऊंनी केली. दुसरी करायला पोलीस पाटील येणार होते, ते लग्नाला निघून गेले. आता कोणाला बोलवावे असा विचार करत आम्ही ओसरीवर बसलो असताना नीलाबाई माझ्या अंगणात आली. चार लोकांदेखत ती माझ्या अंगणात आल्याला वर्षे लोटली. रंभेने तिला सगळे सांगितले असणार. ती पेरूच्या झाडापाशी उभी राहिली आणि झाडाला म्हणाली,

"सांग त्या बाईले, माह्या राखनीले मानूस ठेवाचं काई कारन नाई म्हना. मी काई लहान पोरगी नोहो."

मीही झाडालाच म्हटले, "सांग तिले, राखनीले नाई ठेवली. भांडाले ठेवली."

नूरुद्दीनभाऊंनी तोंडावर रुमाल धरला. ताबिशला मात्र वाटले, समेटाची वेळ आली. तो म्हणाला, "नीलामावशी, अजूनही बदलता येते. तुम्ही म्हणाल तर पूर्ण मोहा तुमच्या नावाने लिहितो. सत्यशीलामावशीले मी समजावतो."

नीलाबाई झाडाची साल नखाने उकरत राहिली. मग तिने विचारले, "सही कमी पडून राह्यली म्हने इथी?"

"साक्षीदाराची. पण तुम्ही ती केली तर यातलं तुम्हाला काही घेता येणार नाही, मावशी."

"म्हनून तं करून राह्यली. मले नोको तिची बाजू. घेतली, अन् हे परत आली तं? कुठी बसन हे?"

मी परत येणार नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होते. नीलाबाईलाही माहीत होते. मला तिला काही तरी सांगायचे होते, ते झाडालाही सांगता आले नाही. मला रडू आले आणि ते सगळ्यांनी पाहिले.

नीलाबाईने सही केली. तिला सही करायला मीच शिकवली होती, मोजणीच्या आधी, साक्षरतेच्या वर्गात. अक्षर अजून तसेच आहे. पेन ताबिशच्या हातात देऊन ती माझ्याकडे न पाहता निघून गेली. थोड्या वेळाने, भर दुपारी, मोह्याचे एक फूल पडलेले नसताना, तिच्या दारातून हाक आली, कूऽऽ.

मी तोंड उघडले. पण उत्तर दिले म्हणजे मी निघाले, येते आहे, असा त्याचा अर्थ होतो. ती हाक मी आजवर खोटी दिलेली नाही. मी तशीच बसून राहिले. हाक पुन्हा आली.

रंभा अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने सूप खाली ठेवले, पदर खोचला आणि उत्तर दिले. आवाज बारीक होता आणि कापत होता. पण पलीकडे पोचला असावा, कारण त्यानंतर हाक आली नाही.

सही : सत्यशीला सोमाजी निकुरे

साक्षीदार पहिले : नूरुद्दीन शेख, व्यापारी, राहणार पळसझरी

साक्षीदार दुसरे : नीलाबाई इतवारी दडमल, धंदा शेती, राहणार पळसझरी, माझी धुरेकरीण

ठिकाण : पळसझरी, येत्या रविवारपर्यंत माझे गाव

दिनांक : ९ मार्च २०२५